सुकलालभाऊंचं बटण

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, कोण जाणे. ऐकायचं तर ऐका.

मी जळगावात कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो. केळी पिकवायच्या चेंबरमधले पंखे, कूलिंग, गॅस — सगळं एका पेटीतून चालतं आणि त्या पेटीतलं डोकं माझं. धुळ्याच्या कॉलेजातून निघालो तेव्हापासून मेमरी पूल म्हटलं की माझी छाती फुगायची. इवलीशी मेमरी, ती पुरवून वापरायची. म्हणून सुरुवातीलाच सारख्या मापाचे ठरावीक कप्पे करून ठेवायचे. काम निघालं की कप्पा घ्यायचा, झालं की परत द्यायचा. केळीचे रिकामे क्रेट परत येतात तसं. यावर मी नव्या पोरांना व्याख्यानं झोडायचो — हो, मीच!

एका शेठच्या चेंबरवर सुकलालभाऊ ऑपरेटर होते. रोज सकाळी आल्याबरोबर ते पेटी बंद करून पुन्हा चालू करायचे, मग कामाला लागायचे. का? तर सवय. ते पाहून माझं टाळकंच सटकलं. हा काय ट्रॅक्टर आहे का, असं मी त्यांना हमालांसमोर सुनावलं. बटणावर चिकटपट्टी लावली आणि हात लावायचा नाही म्हणून दम भरला. अडाणी माणसं, आपल्या कोडची वाट लावतात — असंच समजत होतो मी. त्या दिवसापासून त्यांनी बटणाला हात लावला नाही.

आठवडाही गेला नसेल, पेटी अडकली. पडद्यावर जुनंच तापमान दिसत राहिलं, कूलिंग बंद, आणि आत केळी उकडून काळी. अलार्म वाजला नाही. कसा वाजणार? अलार्मचा संदेश तयार करायलाही त्याच पूलमधला कप्पा लागायचा, आणि पूल संपला होता.

लॅपटॉप जोडला आणि थोड्याच वेळात कळलं. सेन्सरनं उत्तर दिलं नाही की माझ्या कोडमधलं फंक्शन अर्ध्यातूनच माघारी फिरायचं — घेतलेला कप्पा परत न देता. एक ओळ लिहायची राहिली होती. सकाळी ते बटण दाबलं की सगळे कप्पे पुन्हा मोकळे व्हायचे, म्हणून इतके महिने निभावलं होतं. हे सुकलालभाऊंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं — पण आता होतं, आणि शेठ शेजारी उभे होते. काय म्हणालो मी? ऑपरेटरनं काहीतरी चाळे केलेत. जीभ अडखळलीसुद्धा नाही. शेठनी सुकलालभाऊंना तिथल्या तिथे काढून टाकलं. मी ती ओळ गुपचूप घातली, सुधारित आवृत्ती म्हणून मिरवली आणि शाबासकी घेतली. थू माझ्या हुशारीवर.

पण एवढंच असतं तर — भेकड माणसं एवढं करतातच. पुढचं ऐका. काही दिवसांनी सुकलालभाऊ माझ्या ऑफिसात आले. भांडायला आले असतील म्हणून मी आधीच तोंड वाकडं केलं. ते खुर्चीवर बसलेही नाहीत.

"साहेब, म्या तं हातबी नाही लावला. तरी काही चुकलं असंन माह्यं, तं सांगा. पुढं नाही करनार."

सांगता आलं असतं ना? खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणाची भीती होती? कुणाचीच नाही. मी बसल्या बसल्या त्यांच्यासाठी एक चूक तयार केली — चांगली समजावून, शिकवल्यासारखी. म्हणालो, पेटी पुसताना तुमचा ओला हात लागत असणार, ओल आत जाते. त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मग, असंन बा, म्हणाले आणि गेले.

गेल्या वर्षी जामनेरला एका पिठाच्या गिरणीत ते दिसले. मी रस्त्यापलीकडे मोटारसायकलवर होतो. गिरणीचं बटण दाबायच्या आधी त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले, त्यांवर फुंकर मारली, पुन्हा पुसले, आणि मगच बटणाला बोट लावलं.

मी किक मारली.