रंगूनला उतलेला बिबा

पुसाचा महिना, आणि आभाळ भरून आलेलं. पहाटेपासून बोचरा वारा सुटला होता आणि खळ्यावर कापलेल्या धानाचा ढीग, पुंजणं, तसंच उभं होतं. पाणी पडलं तर धान काळं पडणार. म्हणून भागीरथानं तांबडं फुटायच्या आधीच खळं झाडलं, पेंढ्या पसरल्या, मधल्या खांबाला, मेढीला, बैल बांधले आणि पदर खोचून त्यांच्यामागे फिरू लागली.

तिचा नवरा मुखरू मात्र बांधावर उभा होता. काळी पँट, रुंद चामडी पट्टा, हात पाठीमागं. काल संध्याकाळीच तो रंगूनहून परतला होता, आणि शेजारच्या लटारूला जहाज समजावून सांगत होता.

"पानी म्हंजे कसं पानी, लटारू! आपली वैनगंगा त्याच्यापुढं मोरी हाय मोरी."

"अन् रंगून कसं हाय, भाऊ?"

"रंगूनचं का इचारतेस!" मुखरूनं डोळे मिटले. मिटणं भागच होतं, कारण रंगून त्यानं पाहिलंच नव्हतं. पाहिली होती दवाखान्याची एक खिडकी आणि खिडकीबाहेरचं नारळाचं एक झाड.

हा मुखरू बल्लारशाला एका ठेकेदार शेठच्या डेपोत सागाची लाकडं मोजायचा. ओंडक्यावर टकटक करून पोकळ की भरीव ते सांगायचा, आणि बरोबर सांगायचा. देवानं एवढी अक्कल दिली होती, तेवढ्यावर माणसानं सुखानं राहावं. पण मालगुजाराची जमीनदारी गेल्यापासून गावात मोठं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं, आणि ती रिकामी गादी आपलीच, असं या गड्याच्या डोक्यात शिरलं. गावातले सगळे जंगली, आपण तेवढे शहाणे. जंगलातून कोणी लंगोटीवाला डेपोवर आला की हा नाकाला रुमाल लावायचा. रुमालही नवीनच शिकला होता.

शेठला ब्रह्मदेशाचा साग पाहायचा होता. त्यानं दोघांना सोबत घेतलं, मुखरूला आणि डेपोचा हिशेब लिहिणाऱ्या मन्सूर मुनशीला. डेपोचा म्हातारा जमादार डोळ्यांनी अधू झाला होता. रंगूनला जो लाकूड नीट पारखून देईल त्याला जमादारी, हे शेठनं तोंडावर सांगितलं होतं. पारख मुखरूची. म्हणजे जमादारी त्याच्या खिशातच होती.

निघताना भागीरथानं त्याच्या कमरेला काळ्या दोऱ्यात बिबा बांधला. परमुलखाची नजर लागू नये म्हणून.

"मी रंगूनले चाललो, जत्रेले नाई!" मुखरू ओरडला. पण बांधू दिला. नजरेची भीती त्यालाही होतीच, फक्त ती पँटच्या आत होती.

जहाजावर सगळे उघड्यावर आंघोळ करायचे. मन्सूर दोरा पाहील आणि हसेल, या धास्तीनं मुखरूनं दोरा तोडला. बिबा मात्र फेकवेना. चहूकडे पाणी आणि नजर तर कुठूनही लागते. मग शहाण्यानं तो पट्ट्याखाली दडपला आणि पोट आत दिसावं म्हणून पट्टा करकचून आवळला. खालच्या इंजिनानं जहाजाच्या फळ्या तापलेल्या. बिबा चेंगरला, तेल सुटलं. कंबर चुरचुरली तशी यानं खाजवली आणि त्याच हातानं तोंड पुसलं.

रंगूनच्या धक्क्यावर उतरला तेव्हा तोंड कोहळ्यासारखं सुजलेलं, गालावर फोड, मानेवर फोड. बंदरावरचा डॉक्टर दोन पावलं मागं सरकला. देवीचा रोगी म्हणून मुखरूची थेट वेगळ्या दवाखान्यात रवानगी झाली. तिथं खरोखर देवी आलेली माणसं कण्हत पडली होती, त्यांच्यात.

दुसऱ्या दिवशी शेठ खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. शेजारी मन्सूर.

"मुखरू, तुला बिबा तर नाही ना उतला? असं उतलेलं मी पाहिलंय. सांग, म्हणजे डॉक्टरला समजावतो. उद्या लाकूड पाहायला जायचंय."

बिबा उशीखाली होता. हात घालून दाखवायचा, की सुटका. पण मुखरू शेठकडं पाहतच नव्हता, तो मन्सूरच्या परीटघडीच्या पायजम्याकडं पाहत होता.

"बिबा? नाई जी, शेठ. त्ये जंगली लोकायचं काम. मले इथली हवा बाधली."

शेठ गेला. मुखरूनं बिबा खिडकीतून नारळाच्या बुडाशी फेकला. तिथं तो रुजला असला, तर मुखरूची तेवढीच खूण रंगूनमध्ये आहे.

लाकूड मन्सूरनं पाहिलं. मुखरू टकटक करायचा तशीच त्यानंही केली.

"अन् जमादारी कवा भेटते?" खळ्यावर लटारूनं विचारलं.

"सांगावा येऊनच राह्यला. हे पाह्य, परदेशची देवी झेलून आलो मी!" म्हणत मुखरूनं सदरा वर केला.

भागीरथानं बैल थांबवले. जवळ आली, वाकली, पाहिलं.

"देवी अशी पट्ट्याखालून रांगेनं येते का, जी?"

"रंगूनची देवी हाय ते."

"माह्या बिब्याचा डाग हाय हा. दोरा कुठी हाय?"

लटारूनं तोंडावर उपरणं धरलं. "बिबा उतला म्हना ना, भाऊ! मी म्हनलं, रंगूनची देवी मोठी फ्याशनवाली दिसते."

"शेठनं इचारलं नाई?" भागीरथा सरळ झाली.

"इचारलं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"मन्सूर उभा होता तिथी."

"अन् जमादारी?"

मुखरू पट्ट्याशी चाळा करत राहिला. "त्यालेच भेटली."

तिनं एकदा आभाळाकडं पाहिलं.

"उतल्यावर खोबरं चावून लावलं असतं तं उतरलं असतं," ती म्हणाली. "काढा तो पट्टा. पानी येऊन राह्यलं."

मुखरूनं पट्टा सोडून कुंपणाच्या काटेरी फांदीवर टांगला, पँट गुडघ्यापर्यंत वळली, तिच्या हातातली काठी घेतली आणि बैलांमागं मेढीभोवती चालू लागला.