मास्तरचं कौतुक अंगाशी आलं

कॅलिफोर्नियातल्या मडेरा गावात अंपारो बियासेन्योरला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. आठवडाभर ती पिस्त्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून खराब दाणे वेचायची आणि रविवारी सकाळी गावच्या लहानशा रेडिओवर "आपली माणसं" चालवायची. रात्रशाळेतली बाई, कॅन्सरच्या पेशंटांना फ्रेस्नोच्या इस्पितळात नेणारा ड्रायव्हर, द्राक्षबागेत चाकू उगारणाऱ्या मुकादमापुढे उभी राहिलेली आजी, सगळ्यांना तिनं पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं होतं. पाहुणा बुजला की ती विचारायची, "आधी सांग, सकाळी काय खाल्लंस?" मग माणूस जो सुटायचा तो आवरायचा नाही.

त्या रविवारी फिलेमोन मास्तर आले. मास्तर मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले, मिश्तेक लोकांच्या डोंगरातले. बागेतल्या मजुरांच्या पोरांना एका शेडमध्ये तुताऱ्या, सनया, ढोल शिकवायचे. शेडचं छप्पर चाळणी झालेलं. पाऊस तोंडावर आलेला आणि येत्या शनिवारी गावकीनं नवे पत्रे चढवायचं ठरलेलं. मास्तरच्या लोकांत याला तेकिओ म्हणतात: मजुरी नाही, घरटी एक माणूस, ज्यानं त्यानं आपला हात लावायचा.

अंपारो रंगात आली. "मंडळी, या एका माणसानं, एकट्यानं, कुणाचा हात न धरता अख्खी बँड-शाळा उभी केली!"

मास्तरचा चेहरा उतरला. "नाही हो, एकट्यानं नाही..."

"ऐकलंत? किती साधा माणूस! अहो मास्तर, लाजता काय? तुमच्याशिवाय होतं कोण तिथं?"

मास्तरनी मान खाली घातली. अंपारोला वाटलं, गहिवरले.

संध्याकाळी मास्तरची बायको सेनाइदा दारात उभी. आत ये म्हटलं तर येईना.

"काय करून ठेवलंस गं बाई?"

"का? चांगलंच तर बोलले."

"चांगलं? भिंती त्या गवंडी लासारोनं नि त्याच्या भावांनी बांधल्या. ढोल बायकांनी मक्याचे तमालेस विकून आणले. सगळ्यांनी ऐकलं रेडिओवर. आता म्हणतात, मास्तरनं एकट्यानं शाळा उभी केली ना, मग छप्परही एकट्यानंच चढवावं. शनिवारी कुणी यायचं नाही. पहिल्या पावसात वाद्यं भिजली की संपलं सगळं."

अंपारोला आपली चूक कळली. या लोकांचा वीस वर्षांचा शेजार, पण तिचे आईबाप मेक्सिकोच्या दुसऱ्या प्रांतातले, हालिस्कोचे. तिकडे माणसाचं कौतुक करायचं तर ते तोंडभरून. "मी पुढच्या रविवारी रेडिओवर माफी मागते."

"पुढच्या रविवारी? शनिवार आधी येतो. आणि माफी रेडिओवरून होत नसते आमच्यात. दारात जाऊन होते."

अंपारो कुणाला घाबरणारी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपताच तिनं एकेक घर धरलं. कारखान्याचा एप्रन अंगावर तसाच.

पहिलं घर लासारोचं. तो दाराला टेकून उभा. "या, या, रेडिओबाई! आज कुणी एकट्यानं काय केलं?"

"मी केलं. एकटीनं माती खाल्ली. मास्तर नको नको म्हणत होते, मीच रेटलं. शनिवारी ये."

"मी काय, भिंत बांधणारा साधा माणूस. मला कोण ओळखतं?"

"टोमणे मार हवे तेवढे, ऐकते मी. पण ये."

"तू येणार आहेस का?"

"सगळ्यांच्या आधी."

"नखं तुटतील," असं म्हणत त्यानं दार लावून घेतलं. बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच झालं. कुठं कॉफी मिळाली, कुठं नुसता कुत्रा भुंकला. शुक्रवारपर्यंत तिनं एक दार सोडलं नाही.

शनिवारी उजाडताच अंपारो शेडवर हजर झाली. सेनाइदानं तिच्या गळ्यातला रेकॉर्डर बघितला आणि नुसतं खुंटीकडे बोट केलं. अंपारोनं तो काढून टांगला आणि पत्र्याला खांदा लावला. सुरुवातीला तिघंच: मास्तर, सेनाइदा आणि ती. पत्र्याचं दुसरं टोक मास्तरनीच धरलं.

उन्हं वर आली तशी रस्त्यावर एक पिकअप थांबली. मग मागून दुसरी. बायका काळ्या घेवड्याची पातेली घेऊन उतरल्या. शेवटी लासारो, डोक्यावर लांबलचक शिडी.

"नखं बघू," तो म्हणाला.

अंपारोनं हात पुढं केले. दोन तुटली होती. लासारो खो खो हसला आणि शिडी भिंतीला लावली.

दुपारी टॉर्टिया वाटल्या जात होत्या तेव्हा सेनाइदानंच रेकॉर्डर खुंटीवरून काढून तिच्या हातात दिला. "विचार आता. नीट विचार."

अंपारोनं या वेळी कुणाची ओळख करून दिली नाही. एकेकापुढे जाऊन एवढंच विचारलं, "तुम्ही काय आणलंत?"

"शिडी, आणि ही बाई वरून पडलीच तर झेलायला दोन भाऊ."

"घेवडा. मीठ कमी झालंय, ते रेडिओवर सांगू नको."

"मी उशीर आणला!"

असं करत करत ती मास्तरपाशी आली. ते छपराच्या कडेला पाय सोडून बसले होते. सगळे खालून बघायला लागले.

"तुम्ही, मास्तर?"

मास्तरनी आधी छपरावर नजर फिरवली, मग खालच्या माणसांवर.

"मी स्क्रू धरले," ते म्हणाले. "फिरवले लासारोनं."

"आणि त्यातले चार खाली पाडले!" लासारो ओरडला. हसण्याचा असा गलका उठला, की रविवारी रेडिओवर तिथं बाकी काही ऐकूच आलं नाही. अंपारोनं तो तसाच लावला, मुळीच न कापता.