पदराच्या गाठीतली ज्वारी

आत्यांच्या पदराला कायम एक गाठ असायची आणि त्या गाठीत कुंकवाने रंगवलेली चिमूटभर ज्वारी. लग्न कुणाचं आहे, आपल्याला बोलावणं आहे की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मंगलाष्टका कानावर आल्या की त्या हातातलं काम ठेवून मांडवाच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या, अक्षता टाकायच्या आणि कुणी जेवायला बसा म्हणायच्या आत घरी परत यायच्या.

एकदा आम्ही तुळजापूरहून एसटीने येत होतो. रस्त्याच्या कडेला मांडव होता, वऱ्हाडामुळे गाडी थांबली होती. आत्यांनी खिडकीतून मूठ उधळली. ती मांडवापर्यंत कसली जाते! खाली मोटारसायकलवर थांबलेल्या एका गृहस्थाच्या टकलावर पडली. तो चिडून वर बघायला लागला. आत्या म्हणाल्या, "लग्नाच्या हायत दादा, झटकू नगा. तुमचंबी भलं हुईल." गाडीतले सगळे हसले. माझी बायको सुनंदा तर नळदुर्ग येईपर्यंत हसत होती.

आत्या सुनंदाच्या. माझ्या नव्हेत. सुनंदाची आई लवकर गेली, तेव्हा आत्यांनीच तिला वाढवलं. स्वतः त्यांचं लग्न दुष्काळात झालं होतं. घरात खायलाच ज्वारी नव्हती, तर टाकायला कुठून येणार? लोकांनी रिकाम्या मुठी वर केल्या आणि उघडल्या. पुढे दोन-तीन वर्षांत नवरा गेला. आत्या हे बाजाराची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या. "अक्षता टाकल्या असत्या तर माणूस जगला असता, असं न्हाय. पण कमी पडल्या त्या पडल्याच."

सुनंदा गेली त्या हिवाळ्यात आत्या दहाव्याला आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. माझं काम आकड्यांचं. मी ऑफिसला जात होतो, बेरजा बरोबर येत होत्या. घरी आलो की खुर्चीत बसत होतो. दुःख होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हात बधिर झाल्यावर कुठे लागलं तेही समजत नाही, तसं काहीतरी होतं. मुलीचं मात्र मला दिसत होतं. गौरी तेव्हा अकरावीत होती. हो आणि नाही याच्यापलीकडे बोलत नव्हती. चतकोर भाकरी घ्यायची, तिच्यातलीही अर्धी ताटात राहायची. उन्हाळा आला तोवर तिच्या हाताची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, खायला घाला. मी तिला रागावलो, समजावलं, काही झालं नाही. आत्या तिला एकदाही 'जेव' म्हणाल्या नाहीत. "असू दे ताटात," एवढंच म्हणायच्या.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की उद्या परदेशातल्या एका राजपुत्राचं लग्न आहे, दुपारनंतर दाखवणार. आत्यांनी त्याच रात्री गहू भिजत घातले.

सकाळी त्या उखळात गहू कांडत होत्या. मी म्हणालो, "आत्या, लग्न तिकडे आहे. इथे खीर कशाला?"

"मग? लग्नाच्या दिशी घरात चूल थंड ठिवायची व्हय? आन् जावई, असलं लग्न पुन्हा कुठं घावायचं? आहेर न्हाय, मानपान न्हाय, कुणी रुसायचं न्हाय. निस्तं जेवायचं आन् बघायचं."

"गहू किती घेतले?"

"तुमी कागदावर मापा. म्या हातानं घ्येती."

सुट्टीचा दिवस होता, कुणाला कुठे जायचं नव्हतं. गहू मंद आचेवर शिजत राहिले. वांगी भाजून झाली, आमटीला फोडणी बसली. आत्यांनी पळी गौरीच्या हातात दिली. "जरा धर गं, म्या खोबरं किसते. तळाला लागू दिऊ नगो." खोबरं किसून झालं, खसखस भाजून झाली, सुंठ कुटून झाली, तरी पळी काही त्यांनी परत घेतली नाही. गौरी ढवळत राहिली. गूळ पडला आणि वास घरभर झाला. सुनंदा गेल्यापासून घरात गोड झालं नव्हतं.

दुपार कलल्यावर आम्ही तिघे टीव्हीपुढे बसलो. आत्यांचं बोलणं चालू होतं. "पांढरंफेक नेसवलंय पोरीला, हळदीचा डागबी न्हाय. आन् ह्या बायांच्या डोक्यावर काय कोंबड्या बसवल्यात व्हय?" मग त्यांनी गाठ सोडून आमच्या दोघांच्या हातात ज्वारी दिली आणि उभं राहायला लावलं. मी राहिलो. नवरीच्या तोंडावर जाळीचा पदर होता. आत्या म्हणाल्या, "त्योच त्यांचा अंतरपाट." नवरदेवाने जाळी वर केली. आत्यांनी ताबडतोब मूठ उधळली. ज्वारी टीव्हीच्या काचेवर तडतड वाजली.

"आज्जी, अहो थांबा!" गौरी ओरडली. "अजून लग्न नाही लागलं. आता कुठे विचारतायत त्यांना, कबूल आहे का म्हणून."

मी तिच्याकडे बघितलं. इतकं मोठं वाक्य मी हिवाळ्यापासून तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आत्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "अंतरपाट गेला तरी लागलं न्हाय? असलं कसलं लग्न! मला काय कळतंय त्यांची बोली. तूच सांग बाई, कवा टाकायच्या."

त्यांनी पदरातली उरलेली ज्वारी मुठीत घेतली. गौरी पुढे सरकून कान देऊन ऐकत होती. पाद्री बरंच बोलला. "अजून नाही," ती म्हणायची. "भटजी लई लांबवतोय," आत्या म्हणायच्या. माझ्या मुठीतली ज्वारी घामाने ओली झाली. शेवटी गौरी म्हणाली, "आता!"

आम्ही तिघांनी टाकल्या.

आत्यांनी ताटं वाढली. "लग्नाला आलेल्यानं उपाशी जायचं न्हाय," इतकंच म्हणाल्या. गौरीने खिरीची वाटी संपवली. मग वाटीकडे बघत म्हणाली, "अजून आहे का?" मी टीव्हीकडे बघत राहिलो. तिथे घोड्यांची गाडी चालली होती. आत्या उठून आत गेल्या. वाटी भरून आणायला जेवढा वेळ लागतो, त्याहून खूप जास्त वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "ज्वारी आज झाडायची न्हाय."

पाऊसकाळाच्या आधी त्या गावी गेल्या. "पोरगी जेवती आता. माझं काय काम?" स्टँडवर त्यांना गाडीत बसवलं. खिडकीतून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "भाजीत मीठ कमी टाका."

मागच्या वर्षी त्या वारल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा बायका त्यांचं लुगडं बदलत होत्या. पदराची गाठ सुटली आणि लाल ज्वारी जमिनीवर आली. तिचं काय करावं हे कुणाला सुचेना. गौरीने खाली बसून दाणे वेचले आणि ओढणीला बांधले. मी दारात उभा होतो. तेव्हाही मला रडू आलं नाही.

गौरी आता नोकरीला लागली आहे, सुट्टीला घरी येते. धाराशिवच्या रस्त्यावर कुठे मांडव दिसला, मंगलाष्टका ऐकू आल्या, की ती गाडीची काच खाली करते. मी गाडी कडेला घेतो आणि हात पुढे करतो. ती त्यावर चार दाणे ठेवते.