माझी स्कूटर विकून आलेली इटालियन

ती मोटरसायकल मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती, आणि इतक्या वर्षांनी आता मी ते गोड करून सांगणार नाही.

धारवाडला आमच्या अंगणात ती टेम्पोतून उतरली. लालभडक, इटालियन, गोव्यातल्या कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली. माझे यजमान वकील. कोर्टात साक्षीदाराचं एकेक वाक्य उलटंपालटं करून बघणारा हा माणूस, पण त्या गोवेकरानं ‘काही नाही हो, नुसती बॅटरी उतरलीय’ म्हटल्यावर खुशाल मान डोलावून आला. आणि तिच्या पैशाला भर म्हणून माझी स्कूटर विकून मोकळा झाला. मला न विचारता. कागद यांच्या नावावर होते, तेवढं पुरलं.

त्या स्कूटरवरून मी रोज हुबळीला जायची, लॅमिंग्टन रोडजवळच्या शाळेत शिकवायला. सकाळी नवलूरपाशी वारा तोंडावर यायचा तेव्हा घरातल्या कुणाचीच हाक कानात नसायची. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता.

“मग मी शाळेत कशी जाऊ?” मी विचारलं.

“बसगाड्यांना काय तोटा आहे? आणि मी आहे की सोडायला.”

सोडायला ते एकदाच आले. मागची सीट म्हणजे पाटाचा तुकडा, तीही एवढी उंच की साडी सावरून चढताना शेजारपाजारचे सगळे दिसले. धुराड्याची नळी नेमकी सीटखाली. उणकलपर्यंत माझ्या साडीचा काठ करपला होता. तिथल्या गर्दीत गाडी तापली आणि बंद पडली. हे तिच्याशेजारी आजाऱ्याजवळ बसावं तसे बसून राहिले आणि मी हात दाखवून बस थांबवली. तिसरी घंटा झाल्यावर शाळेत पोचले. त्यानंतर रोज बसच, बहुतेक उभ्यानं.

गाडीचं काय काय बिघडायचं ते मला तोंडपाठ झालं होतं. बॅटरी उतरायची. चार्जिंगचा कसलासा डबा जळायचा, नवा मुंबईहून यायचा आणि तोही जळायचा. क्लच असा खडखडायचा की गल्लीतली कुत्री उठायची. यांना मात्र त्या खडखडाटात संगीत ऐकू यायचं. आणि इंजिनातले पट्टे. ते ठरल्या मुदतीत बदलावेच लागतात, गाडी चालवा नाहीतर नुसती उभी करा. उभ्या उभ्या खर्च मागणारी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. हुबळीच्या मेकॅनिकनं एकदा टाकी उचलून आत पाहिलं आणि तशीच परत ठेवली. “वकीलसाहेब, बंगळूरला न्या,” एवढंच म्हणाला. नेली, टेम्पोतून. आमच्या घरी त्या गाडीपेक्षा टेम्पोवाल्याशीच जास्त ओळख झाली.

नवरात्रात माझी भिशी लागली. त्यातून मी स्कूटर घेणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जेवताना हे म्हणाले, “पट्ट्यांचं सांगितलंय मी बंगळूरला. तुझे भिशीचे आहेतच.” सासूबाईंनी त्यांना भात वाढला. राग इतका आला होता की तोंड उघडलं असतं तर ताट फेकलं असतं.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत वाहनांची रांग लागते. धुऊन, कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा आणि गाडी सुरू करून लिंबांवरून न्यायची. यांनी सकाळीच त्या इटालियनला म्हशीला घालावी तशी बादल्यांनी आंघोळ घातली. जिच्या तारा दमट हवेलाही रुसायच्या, तिला पाइप लावून सीटखालीसुद्धा धुतलं, पूजा म्हणून.

आरती झाली. शेजारच्यांची मोपेड लिंबं फोडून पुढे गेली. यांनी बटण दाबलं. कट्, कट्, मग तेही नाही.

“चालू आगवल्देन्री, वकीलर?” समोरचे अण्णा गेटावर कोपर टेकून विचारायला लागले. सुरू होईना का, एवढंच विचारत होते, पण चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती.

“आगतद री, आगतद,” हे म्हणाले. होतं, होतं. मग माझ्याकडे वळून, “जरा मागून ढकल ग. लिंबावरून गेली म्हणजे झालं.”

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. सासूबाई म्हणाल्या, “ढकलून चालत नाही रे. आपल्या जोरावर जायला पाहिजे.”

मी ताट कट्ट्यावर ठेवलं. “मी ढकलणार नाही,” म्हटलं. “उद्या दसरा. भिशीच्या पैशाची उद्या स्कूटर येईल, माझ्या नावावर. पट्ट्यांचं तुम्ही तुमचं बघा.” अण्णांनी गेटावरचं कोपर काढलं. गल्लीसमोर बोलले म्हणून यांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला संध्याकाळी स्कूटर आली. सासूबाईंनी स्वतः लिंबं आणून चाकाखाली ठेवली. कालचीच होती, न फुटलेली. पहिल्या बटणाला इंजिन लागलं आणि दोन्ही लिंबं चिरडली.

सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्या सकाळी हे काळा कोट हातावर टाकून गेटात उभे होते. मागे ती लाल बया, माळ सुकलेली.

“जाता जाता मला कोर्टापाशी सोडतेस?”

“बसगाड्यांना काय तोटा आहे?” मी म्हटलं आणि निघाले. वळणावर आरशात पाहिलं, तर ते स्टॉपकडे चालायला लागले होते.