टोंक रोडवर ठरलेली किंमत

“नऊ हजार,” बिशनजी म्हणाले. “मी कॅप्टन जाधवसाहेबांना सांगून बसलोय.”

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या हिशेबाने ती गाडी बनवायलाच दहा हजार लागत होते.

साठच्या दशकातली गोष्ट. जयपूरला अजमेरी गेटबाहेर बिशनजींचा बसच्या बॉडी बांधायचा कारखाना होता. मी तिथे कॉस्टिंग बघायचो. म्हणजे वस्तू बनवायला खरोखर किती खर्च येतो, ते शोधायचो. त्या वर्षी बिशनजींना दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं वेड लागलं होतं. जुन्या छोट्या गाड्यांची इंजिनं आणि चासी घ्यायची, वर आपली ॲल्युमिनियमची बॉडी चढवायची. नोकरदार तरुणाला परवडली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नमुन्याची गाडी तयार होती. लाल, बुटकी, फार गोड. विकायच्या गाड्या अजून व्हायच्या होत्या, आणि त्यांची किंमत मला ठरवायची होती.

“अकरा हजार लावा,” मी म्हणालो.

“अकराला जाधवसाहेब घेतील? लग्नाआधी गाडी हवी म्हणून पगारातून पैसे साठवलेत त्यांनी. जबान दी है मैंने, कुलकर्णीजी.”

“नऊला विकलीत तर चौथ्या गाडीपर्यंत कारखान्यात पगार द्यायची पंचाईत होईल.”

बिशनजींचा चेहरा उतरला. मलाच वाईट वाटलं. “चला, एक चक्कर मारून येऊ,” मी म्हणालो.

टोंक रोडने आम्ही चाकसू गावापर्यंत गेलो. प्रत्येक गिअरला बिशनजी माझ्याकडे बघून “देखा? देखा?” करत होते. मी मात्र आम्ही काय काय वापरतोय ते बघत होतो. ब्रेक वापरला. उंटगाड्या होत्या, त्यामुळे हॉर्न तर सारखाच. छत मागे घडी करून पडलं होतं. डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे दोघांनीही पाहिलं नाही. सिगारेट पेटवायच्या लायटरला कुणी हात लावला नाही.

चाकसूला चहा घेताना मी हे बोललो. “न वापरलेलं काढून टाकू.”

“छतसुद्धा? गाडी आहे की टांगा?”

“टांग्याला छत असतं, बिशनजी.”

ते इतके हसले की चहा बशीत सांडला. मग आम्ही एकेका वस्तूवर भांडलो. कातड्याच्या सीटऐवजी रेक्झिन. क्रोमच्या पट्ट्या नकोत. ब्रेक, काच आणि स्टेपनीला मी हात लावू दिला नाही. खर्च नऊच्या आत आला. नफा चिमूटभर राहिला, पण राहिला. छत, घड्याळ वगैरे हवं त्याला वेगळ्या पैशात.

पहिली गाडी न्यायला कॅप्टन जाधव आले. बिशनजी त्यांच्या नजरेला नजर देईनात. “छत नहीं है, साहब,” ते कसंबसं म्हणाले.

जाधवांनी गाडीभोवती फेरी मारली. “जयपूरला पाऊस पडतो किती?” असं म्हणून ते सरळ आत जाऊन बसले. गाडी फाटकाबाहेर पडली तसे बिशनजी लेक सासरी निघाल्यासारखे डोळे पुसत राहिले.

पुढे उन्हाळ्यात लू, म्हणजे तिकडचे तापलेले वारे, सुरू झाल्यावर जाधव छत बसवून घ्यायला आले, बायकोला घेऊन. बाकीची गिऱ्हाइकंही नऊ हजार ऐकून आली आणि बहुतेकांनी सगळं लावून नेलं. गाड्या मोजक्याच झाल्या. मग इंजिनं मिळेनात, आणि आम्ही पुन्हा बसकडे वळलो. पण एकाही गाडीत तोटा झाला नाही.

सुरुवातीची किंमत पाटीवर लिहायला सोपी असते. त्याच किमतीला गाडी मागणारा खरोखर दारात उभा राहिला, तर विकणाऱ्याला घाम फुटू नये, एवढं बघावं.