बटणांखालचा भुगा

डॉक्टरांनी माझ्या मोठ्या भावाची जीभ काढली, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या कीबोर्डची बटणं एकेक करून मुकी व्हायला लागली.

जीभ खर्ऱ्यानं गेली. पन्नीत घासलेली ती तंबाखू-सुपारी-चुन्याची मिसळ तो कॉलेजपासून गालात धरत आला होता. नागपुरात याहून जास्त सांगावं लागत नाही.

दादाचं कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान होतं. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. बटणांकडे न बघता, समोरच्याशी गप्पा मारत तो मराठी टाइप करायचा. दुकान बंद केलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याचा जाडजूड, पिवळा पडलेला कीबोर्ड सक्करदऱ्याच्या घरी आला आणि दोन्हींवर कापड पडलं. ऑपरेशननंतर वहिनींनीच ते कापड काढलं.

त्याआधी त्याला पाटी दिली होती. पाटीचा घोटाळा असा, की माणूस लिहीत असताना समोरचा वाचत असतो. दादा ‘पाणी’ लिहायला लागला की ‘प’ वरच कोणीतरी पेला आणायला धावायचं, आणि त्याला तर पाणी सोडणाऱ्या कॉर्पोरेशनला शिव्या द्यायच्या असायच्या. त्याची सगळी वाक्यं दुसऱ्यांनीच पूर्ण केली. कीबोर्डवर मात्र तो बोलण्याच्याच वेगानं टाइप करायचा, कोणी मध्ये घुसायच्या आत वाक्य पडद्यावर आलेलं असायचं. टाइपही बोलल्यासारखाच करायचा: मले, तुले, काहून. वकिलांची शुद्ध मराठी त्यानं दुकानातच ठेवली होती.

मी त्याला नवीन कीबोर्ड आणून दिला होता. चालला नाही. केमोनंतर त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. नव्या कीबोर्डची पातळ बटणं दाबली गेली की नाही हे त्याला कळायचं नाही. मोबाइलच्या काचेचं तर बोलायलाच नको. जुन्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग होती. बटण बोटाला उलटं ढकलायचं, तेवढं त्याच्या मनगटापर्यंत पोचायचं.

तर ती बटणं मरायला लागली. आधी कडेची गेली, ज्यांच्यावाचून भागत होतं. मग काना गेला. काना नसला तरी आम्ही वाचून घेतलं असतं, आणि तसं मी त्याला म्हणालोही. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. टायपिंगच्या धंद्यात चुकीची ओळ हाताबाहेर जात नाही. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी तो अख्खं पान फाडायचा, मग पक्षकार दारात उभा असो की वकिलाचा पुकारा होत असो. काना गेल्यावर त्यानं बोलणं बंद केलं. पडद्यावर कोरं पान उघडून तो समोर बसून राहायचा.

याच दिवसांत रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये तपासणीचा निकाल आला. गाठ परत आली होती, आता मानेत. सर्जन म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करता येईल. जबड्याचा आणखी भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, जेवणासाठी पोटात घातलेली नळी कायमची राहील.

माझी नोकरी हिशेबाची. मी विचारलं, “शंभरातले किती बरे होतात?”

“असं आकड्यात नाही सांगता येत,” ते म्हणाले. “पण संधी आहे.”

दादानं मान हलवली. सर्जननी तारीख दिली आणि संमतीचा फॉर्म वहिनींच्या हातात ठेवला. परत येताना ऑटोत मी वहिनींना म्हणालो, “दादाला नीट विचारलं पाहिजे.”

“भाऊजी, मान हलवली ना त्यांनी. तुमच्यासमोरच हलवली.”

“ती ऐकलं म्हणून हलवली का हो म्हणून, हे कोणाला माहीत?”

“तुम्हाले तं साधी मानही स्टॅम्प पेपरवर पाहिजे!”

दादा आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता आणि बाहेर बघत होता. घरी आल्यावर मी त्याच्यापुढे पाटी धरली. त्यानं ती हातानं बाजूला केली.

म्हणून मी कीबोर्ड माझ्या घरी नेला. मागचे स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं. आत पिवळट भुगा पडला होता, बेसनासारखा. मला वाटलं धूळ. आणि मी तेच केलं जे आम्ही दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कूलरचं करतो: सगळं सुटं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ब्रशनं झाडलं आणि गच्चीवर उन्हात वाळत घातलं. मे महिन्याचं ऊन होतं. संध्याकाळी बटणांचा सांगाडा उचलला तेव्हा आणखी भुगा गळाला. जोडून नेला, लावला. आधी निम्मी तरी बटणं चालत होती. आता एकही चालेना. दादानं दोन-चार दाबून पाहिली आणि हात मांडीवर ठेवले.

कीबोर्ड पुन्हा उघडला आणि या वेळी साफ न करता आधी नीट पाहिला. प्रत्येक स्प्रिंगखाली फोमची छोटी गोल टिकली होती आणि टिकलीच्या बुडाला चमकदार पापुद्रा. बटण दाबलं की तो पापुद्रा खालच्या पट्टीवर टेकायचा आणि त्यावरून मशीनला कळायचं की अक्षर आलं. फोम तीसेक वर्षांचा. मी बोट लावलं तर टिकली चिमटीत विरघळली. जी थोडी धरून होती ती माझ्या गच्चीवरच्या उन्हानं संपवली होती. बेसन म्हणून जे मी झाडून टाकलं ते त्याचं बोलणं होतं.

नवीन टिकल्या कुठे मिळेनात, तेव्हा करायचं ठरवलं. खिडकीच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी आणली, आणि चामड्याला गोल भोक पाडायचा पंच. पापुद्र्यासाठी पातळ, आतून चांदीसारखं आणि वरून प्लॅस्टिक असलेलं काहीतरी हवं होतं. ते चिप्सच्या पाकिटात सापडलं. आठवडाभर माझ्या घरात भाजीबरोबर चिप्स होते. मोजमापावर माझा विश्वास आहे म्हणून पहिल्या टिकल्या जुन्या खोबणीच्या मापानं पाच मिलिमीटर जाडीच्या कापल्या. बटण न दाबताच अक्षर उमटायला लागलं, ओळच्या ओळ, थांबेचना. तीनच्या लावल्या तर कितीही दाबा, काही नाही. फोम दाबल्यावर किती उरतो हे मी धरलंच नव्हतं. चारच्या लावल्या तेव्हा दाबल्यावर एक अक्षर आलं आणि एकच आलं. मग सगळी बटणं तशी केली. त्याला न लागणारीसुद्धा, कारण त्याला काय लागेल हे ठरवणारा मी कोण.

हे करताना मनात एकच होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो एकदा स्पष्ट हो म्हणाला की सही करताना वहिनींचा हात आणि माझं डोकं दोन्ही मोकळी होतील.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी कीबोर्ड लावला. दादानं सगळी बटणं रांगेनं वाजवली, दुकानात सकाळी वाजवायचा तशी. मग पहिलं वाक्य आलं:

‘नीट करायले नेला अन् उन्हात वाळवला. पापड आहे का गा?’

वहिनी ओट्यापाशी होत्या. मी ते वाचून दाखवलं तर पदर तोंडाला लावून हसल्या.

‘आणि माह्या बोलण्यासाठी तुम्ही लोक घरभर चिप्स खाऊन राहिले. मजा आहे.’

“दादा,” मी म्हणालो, “उद्याचं काय? हो का नाही?”

तो थांबला नाही. विचार करायला त्यानं एवढे दिवस घेतले होते, टाइप करायला घेतले नाहीत.

‘नाही. तू आकडा विचारला, त्यानं देला नाही. तू बिनआकड्याच्या कागदावर कधी सही केली का? मंग माह्यासाठी काहून करून राहिला?’

“मग मान का हलवली?”

‘डॉक्टर बोलून राहिला होता म्हणून. माणसं बोलतात तं मान हलवावी लागते. तिले बोलाव.’

मी वहिनींना हाक मारली. त्या ओले हात पुशीत आल्या, पडद्यावरचं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “हे मंग बोलू. आता नळीची वेळ झाली.” आणि ओट्याकडे वळल्या. त्याच्या नळीसाठी वरण-भात आणि दूध त्या मिक्सरमध्ये एकत्र करायच्या आणि गाळून घ्यायच्या.

दादा टाइप करत होता. ओळी येत होत्या आणि त्या पाठमोऱ्या होत्या. बोलणाऱ्या माणसाकडे पाठ केली तरी त्याचं ऐकू येतं. त्याचं येत नव्हतं. त्यानं दोनदा टेबलावर थाप मारली. त्या वळल्या नाहीत. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पडद्याकडे बोट केलं.

मी वाचायला लागलो. “मले एकदा कापलं. आता जेवढा उरलो तेवढा पुरा राहू दे...”

वहिनींनी मिक्सर सुरू केला.

मी थांबलो. मिक्सर फिरत राहिला, वरण-भाताला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ. दादा हात मांडीवर ठेवून वाट बघत होता. कोर्टात पुकारा व्हायची वाट बघणारी माणसं बसतात तसा. शेवटी मिक्सर गरम झाल्याचा वास आला आणि त्यांना तो बंद करावाच लागला.

मी पहिल्यापासून वाचलं. “मले एकदा कापलं. आता जेवढा उरलो तेवढा पुरा राहू दे. उद्या हॉस्पिटलमध्ये नाही जायचं. फॉर्म फाडून टाक. मी गेल्यावर लोक म्हणतील, संधी होती, बायकोनं जाऊ देली. त्यायले म्हण, नवऱ्यानंच सांगतलं. भाऊ साक्षीदार आहे.” पुढची ओळ मी जरा बदलून वाचली. “तुम्ही थकून गेल्या. दिसते.”

दादानं बोटानं पडद्यावर टकटक केली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा तीच ओळ ठोकली. जे लिहिलं आहे ते वाच.

वहिनींना मी आयुष्यात कधी अगं-तुगं केलं नव्हतं. लग्न होऊन त्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो.

“तू थकून गेली वं,” मी वाचलं. “मले दिसते. मी नाही म्हणून राहिलो ते फक्त तुह्या थकण्यासाठी नाही. पण त्याच्यासाठीही आहे.”

मग त्यांनी गाळणी घेतली आणि भांड्यावर धरली.

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या, मला नाही, त्याला. “भाऊजी, हॉस्पिटलले फोन करा. अन् मले लावू नका बोलायले.”

मी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पेशंटचं नाव घेतलं आणि कारण विचारलं. पेशंट तयार नाही, मी सांगितलं. तिनं बजावलं, की ही तारीख दुसऱ्याला जाईल आणि मग लवकर मिळणार नाही. चालेल, म्हणालो. फोन ठेवला तेव्हा वहिनी दादाच्या खुर्चीपाशी खाली बसून नळीचं झाकण काढत होत्या, आणि त्यानं त्यांना जागा व्हावी म्हणून कीबोर्ड पुढे सरकवला होता.