तीनवारचा खोकला

जुन्या सामानाच्या लिलावात चाळीस वर्षं "एक वार, दोन वार, तीन वार" पुकारून त्याचं नावच तीनवार पडलं होतं. आवाज असा खणखणीत, की बायको म्हणायची, "अहो, मी समोरच बसलेय, पलीकडच्या गल्लीत नाही."

आता तो आवाज पार बसला होता. एकाहत्तराव्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली. पण श्वासासाठी घशात घातलेली नळी काढून चार दिवस झाले, तरी गिळताना दुखत होतं आणि बोलणं म्हणजे नुसती खरखर. "ह्या वयात घसा वेळ घेतो," डॉक्टर म्हणाले. बायकोने मान डोलावली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळी गिळणं तपासणारी मुलगी आली. चमचा चमचा पाणी द्यायचं आणि ठसका लागतो का बघायचं. नाही लागला तर उद्या घरी. तीनवारने सगळे चमचे बिनबोभाट घेतले.

"शाब्बास, आजोबा!" मुलगी म्हणाली.

बायको त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डबडबले होते आणि चादरीवरची मूठ आवळलेली होती.

लिलावात खोकला म्हणजे बोली. उमेदवारीच्या दिवसांत हा पठ्ठ्या भलत्या वेळी खोकला आणि तीन पायांचं कपाट त्याच्या गळ्यात पडलं. चौथ्या पायाच्या जागी वीट लावून ते अजून घरात उभं आहे. तेव्हापासून चारचौघांत तो कधी खोकला नाही, अगदी भर सर्दीतसुद्धा नाही.

"थांब गं पोरी," ती म्हणाली. "ह्यांना ठसका लागलाय. हे दाबतायत."

मुलीचं हसू मावळलं. "आजोबा, असं करू नका. पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होईल."

"घरी... जायचंय," तो खरखरला. बायकोनेच घात केला, अशा नजरेने तिच्याकडे बघत राहिला.

तिला काय घरी जायची घाई नव्हती? पण भीती त्याहून मोठी होती. मुलीला विचारून तिने स्वतः चमचा भरला. त्याने पाणी घेतलं. पुन्हा डोळे भरले, पुन्हा मूठ आवळली.

"एक वार!" ती ओरडली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला.

"दोन वार!" तिचा आवाज कापला. "अहो, खोका ना! काय मोडकंतोडकं गळ्यात पडेल ते मी घेते."

तीनवार खोकला. चाळीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडावं तसा खोकला. टाके दुखून कळवळला, तशी तिने उशी उचलून त्याच्या छातीवर दाबून धरली. मुलीने कागदावर लिहिलं, आणखी पाच दिवस मुक्काम, ठसका लागू नये म्हणून पाणी पावडर घालून घट्ट करूनच द्यायचं.

"तीन वार," बायको पुटपुटली. तिने उशी सोडली नाही.